दुसरा माणूस

आमच्या थोरल्या वहिनींचें घर विलेपार्ल्यास आहे. रविवारीं सायंकाळीं तेथें जावें, गच्चीवर खुर्ची टाकून बसावें आणि त्यांच्या हातचा आल्याचा चहा घ्यावा, हा आमचा कित्येक वर्षांचा नेम आहे. विमानतळाच्या शेजारीं राहणाऱ्या माणसांस विमानांचें नवल उरत नाहीं. आवाज जवळ आला कीं वाक्य मध्येंच थांबवावें, विमान गेलें कीं तें पुढें चालू करावें, एवढी एक कला मात्र त्यांस साधलेली असते. आम्ही पडलों दूरचे. आम्हांस अजून नवल वाटतें. दिवेलागण झाली कीं पूर्वेस, घाटकोपरच्या अंगास, आकाशांत एक दिवा दिसूं लागतो. त्याच्या मागें दुसरा, दुसऱ्याच्या मागें तिसरा. पहिला खालीं उतरतो न उतरतो तोंच रांगेच्या शेवटीं आणखी एक येऊन उभा राहतो.

मध्यंतरीं एका रविवारीं असेच बसलों असतां वहिनींचा आठ वर्षांचा नातू आमच्या खुर्चीपाशीं आला. कांहीं वेळ त्यानें दिवे मोजले आणि मग विचारलें, “आजोबा, ह्यांना रांगेत उभं कोण करतं?”

आम्हीं सांगितलें कीं, तिकडे एक उंच मनोरा आहे. तेथें माणसें बसतात आणि तीं वैमानिकांशीं बोलत असतात.

“आणि त्यांतला एखादा चुकला तर?”

“तो चुकत नसतो,” आम्ही म्हणालों. मुलांच्या प्रश्नांस अशीं ठाम उत्तरें देण्याची मोठ्या माणसांस मोकळीक असते.

वहिनी तेथेंच मेथी निवडीत बसल्या होत्या. मान वर न करतां त्या म्हणाल्या, “चुकला तर सगळे त्यालाच बोलतील. दुसरं काय व्हायचंय?”

त्या हंसत हंसतच बोलल्या. परंतु पुढचा चहा आम्हांस गोड लागला नाहीं. त्याचें कारण आमच्या घरांतील एका जुन्या रात्रींत आहे, आणि तें आम्ही शेवटीं सांगणारच आहों. आधीं त्या मुलाच्या प्रश्नाचें खरें उत्तर शोधणें प्राप्त होतें. कारण आम्हीं दिलेलें उत्तर खोटें आहे, हें तें देतांनाच आम्हांस ठाऊक होतें. घरीं आल्यावर ह्या विषयावर जें जें हातीं लागलें तें तें आम्हीं वाचलें. त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवतों.

विमानांस वाट दाखविणाऱ्या माणसास नियंत्रक म्हणतात. मुंबईचा सध्यांचा मनोरा २०१३ सालीं उभा राहिला. त्याची उंची सुमारें ८४ मीटर आहे. कांचेआडून धावपट्टीवर नजर ठेवणारे नियंत्रक तेथें बसतात. दूरच्या विमानांस वाट देणारे त्यांचे सहकारी रडारच्या पडद्यासमोर वेगळ्या दालनांत बसतात. आपल्याकडे जसे जिल्हे आणि तालुके, तसेच आकाशाचे विभाग पाडलेले आहेत. एका विभागाची सीमा आली कीं तेथील नियंत्रक विमान पुढच्या विभागाच्या स्वाधीन करतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येते. तरीसुद्धां २०१८ सालीं येथें एका दिवसांत हजारांहून अधिक विमानें उतरलीं आणि उडालीं. चोवीस तासांची सरासरी काढली, तरी सुमारें दीड मिनिटास एक विमान झालें.

हें सर्व काम मुख्यतः बोलण्याचें आहे. नियंत्रक आज्ञा देतो. वैमानिक तीच आज्ञा शब्दशः उलट म्हणून दाखवितो. आणि ती बरोबर म्हटली गेली कीं नाहीं, हें नियंत्रकानें ऐकावयाचें असतें. पाठांतर घेणाऱ्या पंतोजींची ही पद्धत आकाशांत किती उपयोगी पडते, हें पाहून आम्हांस मौज वाटली. परंतु तींत एक अडचण आहे. एका बिनतारी वाहिनीवर एका वेळीं एकासच बोलतां येतें. दोघे एकदम बोलले तर दोघांचेंही ऐकूं येत नाहीं. मिनिटाचीं सेकंदें साठच. तेवढ्यांत कांहीं थोडीं बोलणींच मावतात. आणि बोलणें हा कामाचा वरचा थर झाला. त्याच्या खालीं नियंत्रकाच्या डोक्यांत एक चित्र सतत चालू असतें: कोण कोठें आहे, किती उंचीवर आहे, पांच मिनिटांनीं कोठें असेल, आणि कोणाची वाट कोणाच्या वाटेस छेदेल. हें चित्र एकदां विसकटलें, तर पडद्यावर सर्व ठिपके दिसत असूनही माणूस आंधळा होतो.

आम्हांस प्रथम वाटलें कीं, विमानें फार झालीं म्हणजे हें चित्र विसकटत असावें. वाचतां वाचतां ही समजूत खोटी ठरली. जो अपघात ह्या विषयांत पुनःपुन्हां सांगितला जातो, तो गर्दीच्या वेळीं झालेला नाहीं. तो झाला एका शांत रात्रीं.

१ जुलै २००२ ची ती रात्र. जर्मनीच्या दक्षिण टोंकास यूबरलिंगेन नांवाचें गांव आहे. त्यावरील आकाश जर्मनीचें असलें, तरी त्याची व्यवस्था स्वित्झर्लंडमधील झ्यूरिकच्या नियंत्रण केंद्राकडे होती. रात्रीं विमानें कमी असतात. म्हणून रात्रपाळीच्या दोघां नियंत्रकांपैकीं एकानें विश्रांतीस जावें, अशी तेथें वहिवाट पडली होती. ती नियमांत बसणारी नव्हती. पण वरिष्ठांस ठाऊक होती आणि ते ती चालूं देत होते. त्या रात्रींही एक जण विश्रांतीस गेला. मागें राहिलेल्या माणसानें थोड्या थोड्या अंतरावरील दोन पडदे एकट्यानें सांभाळावयाचे होते.

योगायोग असा कीं, त्याच रात्रीं केंद्रांतील यंत्रांच्या दुरुस्तीचें काम निघालें होतें. दोन विमानें एकमेकांच्या जवळ येऊं लागलीं तर पडद्यावर जो इशारा उमटतो, तो बंद होता. मुख्य दूरध्वनी बंद होता, आणि त्याच्या बदलीचा दूरध्वनी नादुरुस्त निघाला. अशांत उशीर झालेलें एक विमान फ्रीडरिक्सहाफेन येथें उतरावयास आलें. तेथील विमानतळास कळविण्यासाठीं नियंत्रक पुनःपुन्हां दूरध्वनी फिरवीत होता, आणि तो लागत नव्हता. दुसऱ्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांकडे सरकत होते. एक मालवाहू बोइंग विमान इटलींतील बेर्गामोहून ब्रसेल्सकडे चाललें होतें. त्यांत दोन वैमानिक होते. दुसरें रशियाचें तुपोलेव विमान मॉस्कोहून बार्सिलोनाकडे चाललें होतें. त्यांत एकूणसत्तर माणसें होतीं, आणि त्यांत बहुसंख्य उफा शहराकडचीं मुलें होतीं. सुटीच्या सहलीस निघालेलीं. दोनही विमानें ३६,००० फुटांवर होतीं.

जर्मनींतील कार्ल्सरूहेच्या नियंत्रकांस हा धोका त्यांच्या पडद्यावर दिसला. त्यांनीं झ्यूरिकला दूरध्वनी करून पाहिला, पुन्हां केला, पुन्हां केला. तो लागणार कसा? झ्यूरिकच्या माणसाच्या ध्यानांत गोष्ट आली, तेव्हां टकरीस पाऊण मिनिटाहूनही कमी वेळ उरला होता. त्यानें तुपोलेवला खालीं उतरण्याची आज्ञा दिली. दोनही विमानांत टक्कर टाळणारीं यंत्रें होतीं. आज्ञेनंतर कांहीं सेकंदांतच त्या यंत्रांनीं बोइंगला ‘खालीं जा’ आणि तुपोलेवला ‘वर जा’ असें सांगितलें. तुपोलेवच्या वैमानिकांपुढें पेंच पडला: यंत्राचें ऐकावें कीं माणसाचें? त्यांनीं माणसाचें ऐकलें. बोइंगच्या वैमानिकांनीं यंत्राचें ऐकलें. दोघेही खालीं उतरूं लागले. नियंत्रकानें आज्ञा पुन्हां एकदां दिली, ती पोंचल्याची खात्री करून घेतली, आणि हें संकट टळलें असें समजून तो त्या उतरणाऱ्या तिसऱ्या विमानाकडे वळला. रात्रीं ११ वाजून ३५ मिनिटांनीं टक्कर झाली. एकाहत्तर माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं.

आतां ह्या हकीकतींतील कामें मोजून पाहा. विमानें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं, माणूस शिकलेला, सरावलेला, वेळ निवांत. कामाची वही पाहून कोणीही म्हणेल, त्या रात्रीं भार कांहींच नव्हता. आणि तरीही तो एका माणसास पेलला नाहीं. कारण त्यास एकाच क्षणीं दोन ठिकाणीं असणें भाग होतें. आम्हांस वाटतें, कामाचा भार मोजण्यांत आपली जी चूक होते ती येथेंच. आपण कामें मोजतों. एकाच वेळीं किती हांका येतात, आणि त्यांतली एक हातीं घेतली म्हणजे दुसरीकडे पाहावयास कोण उरतो, हें मोजीत नाहीं.

भुलण्याचा प्रकारही असाच आहे. १ फेब्रुवारी १९९१ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथें मनोऱ्यांतील एका बाईंनीं एक लहान विमान धावपट्टीवर नेऊन उभें केलें. मध्येंच दुसऱ्या एका विमानाशीं बोलणें जुळेना. आणखी एका विमानाची कागदी पट्टी जागेवर सांपडेना. प्रत्येक विमानाच्या नांवाची अशी एक पट्टी नियंत्रकापुढें असे. तिच्यावर खुणा करून तो आपल्या आठवणीस आधार देई. ह्या शोधाशोधींत धावपट्टीवरचें तें लहान विमान बाईंच्या मनांतून निसटलें, आणि त्याच पट्टीवर उतरण्याची परवानगी त्यांनीं मोठ्या विमानास दिली. पस्तीस माणसें गेलीं. पुढें चौकशी मंडळानें आपला निर्णय दिला, तो आम्हांस विचार करावयास लावणारा वाटला. बाई विसरल्या, हें तर उघडच होतें. मंडळानें मुख्य कारण म्हणून बोट ठेवलें तें त्या केंद्राच्या व्यवस्थापनावर: एक माणूस विसरला असतां ती चूक दुसऱ्याच्या नजरेस यावी, अशी योजनाच तेथें राखलेली नव्हती.

आपल्या देशानेंही ह्याचा अनुभव घेतला आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजीं दिल्लीजवळ चरखी दादरी येथें दोन विमानें आदळून ३४९ माणसें मृत्यू पावलीं. तेथें नियंत्रकाची आज्ञा बरोबर होती. कझाकस्तानचें विमान ठरवून दिलेल्या उंचीच्या खालीं आलें. चूक वैमानिकांची ठरली. पण येणारीं आणि जाणारीं विमानें एकाच अरुंद मार्गानें नेलीं जात होतीं, आणि दिल्लीचें त्या वेळचें रडार विमान कोठें आहे एवढेंच दाखवी, किती उंचीवर आहे तें दाखवीत नसे, ह्या गोष्टीही त्या आकाशांत हजर होत्या. नियंत्रकास उंचीसंबंधीं वैमानिकाच्या शब्दावरच भिस्त ठेवावी लागे. त्या अपघातानंतर येण्याचे आणि जाण्याचे मार्ग वेगळे करण्यांत आले.

येथें कोणी म्हणेल, भार नको असेल तर काम कमी करावें, म्हणजे झालें. तेंही तितकें सोपें नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या पडद्यावर पाणबुड्या शोधीत तासन् तास बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेंतून खुणा कां निसटतात, असा प्रश्न इंग्लंडमध्यें निघाला होता. नॉर्मन मॅकवर्थ नांवाच्या शास्त्रज्ञानें त्यासाठीं एक घड्याळ तयार केलें. त्याचा कांटा एकेक पाऊल टाकी, आणि क्वचित् मध्येंच एखादी दुप्पट उडी घेई. पाहणाऱ्यानें ती उडी ओळखावयाची. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत असें दिसून आलें कीं, पहिल्या अर्ध्या तासानंतर चांगल्या चांगल्या माणसांच्या नजरेंतूनही उड्या अधिक निसटूं लागतात. यांत आळस नाहीं, बेपर्वाई नाहीं. मनुष्याचें लक्ष घडलेंच तसें आहे. सारांश, काम फार झालें तरी माणूस चुकतो आणि फार थोडें झालें तरी चुकतो. ज्या धंद्यांत चुकीची किंमत माणसांच्या जिवांनीं द्यावी लागते, त्या धंद्यानें मग एकच उपाय पुढें आणला: माणूस चुकणार असें धरून चालावें, आणि त्याच्याजवळ दुसरा माणूस ठेवावा. शब्द उलट म्हणवून घेणें, पट्टीवर खूण करणें, पाळी बदलतांना जाणाऱ्यानें येणाऱ्यास सर्व समजावून देणें, हीं सगळीं त्या दुसऱ्या माणसाचींच निरनिराळीं रूपें आहेत. अमेरिकेंत तर १९७६ पासून अशी सोय आहे कीं, वैमानिकानें किंवा नियंत्रकानें आपल्या हातून झालेली चूक स्वतः लिहून कळवावी. ती टपाली थैली नासा ही संस्था उघडते, आणि नांव गुप्त राखलें जातें. चूक कबूल करणाऱ्यास शिक्षेचें भय राहिलें, तर पुढच्यास ती चूक टाळतां येत नाहीं, हें त्या लोकांस उमगलें.

परंतु शहाणपण कागदावर येण्यास वेळ लागतो, आणि दुःखास तेवढा धीर नसतो. यूबरलिंगेनच्या अपघातांत एका गृहस्थाची पत्नी आणि दोन मुलें गेलीं होतीं. २४ फेब्रुवारी २००४ रोजीं तो त्या नियंत्रकाच्या घरीं गेला, आणि बायकोमुलें घरांत असतांना त्यानें नियंत्रकास भोसकून ठार केलें. चौकशीचा अहवाल त्यानंतर, मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. त्यांत नियंत्रकाची चूक लिहिली होती. आणि रात्रीं एकाच माणसावर काम टाकण्याची वहिवाट वरिष्ठांनीं चालूं दिली, हेंही लिहिलें होतें. २००७ सालीं स्विस न्यायालयानें त्या संस्थेच्या आठ जणांपैकीं चौघांस दोषी ठरविलें. यंत्र आणि नियंत्रक यांच्या आज्ञा एकमेकींविरुद्ध असल्या तर वैमानिकानें यंत्राचेंच ऐकावें, असा स्पष्ट नियमही अपघातानंतर जगभर झाला. पण अहवाल आणि निकाल आले तोंपर्यंत तो नियंत्रक आपली बाजू ऐकावयास ह्या जगांत नव्हता.

त्या पित्यास बोल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. त्याचें जें गेलें तें गेलेल्यांसच कळेल. पण त्याचा राग ज्या वाटेनें गेला, ती वाट आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. अनर्थ झाला कीं आपण शेवटचा हात शोधतों. ज्याच्या हातून पेला पडला, तो दोषी. पेला कांठोकांठ कोणीं भरला, त्याच्या दुसऱ्या हातांत आणखी काय काय दिलें होतें, हें पाहण्यास थांबावें लागतें. आणि रागाच्या भरांत कोणी थांबत नाहीं. आम्हीही थांबलों नव्हतों. आतां ती रात्र सांगतों.

वीस-बावीस वर्षें झालीं असतील. वडील तेव्हां थोरल्या बंधूंकडे पार्ल्यास असत. त्यांस मधुमेह होता. सकाळीं आणि रात्रीं जेवणापूर्वीं इन्सुलिन टोंचावें लागे, आणि तें काम वहिनींकडे होतें. गौरींचा दुसरा दिवस होता. दुपारीं पंचवीस पानें उठलीं होतीं, आणि संध्याकाळपासून दर्शनास येणाऱ्यांची रीघ लागली होती. बंधू आलेल्यांशीं बोलत बाहेर बसले होते. वहिनींनीं वडिलांस इंजेक्शन दिलें, इतक्यांत दारांत पांच-सहा माणसें आलीं, त्यांच्यासाठीं कॉफी ठेवली, तों मुलगी दूध मागूं लागली, दूरध्वनी वाजला, कोणी हळदकुंकवाची कोयरी मागितली, मग आरती झाली. आरतीनंतर वडील पानावर बसले. वहिनी घाईनें आल्या, कोनाड्यांत सुई आणि कुपी दिसली, आणि त्यांनीं पुन्हां एकदां इंजेक्शन दिलें. वडिलांस वाटलें, डॉक्टरांनीं वाढवून दिलें असेल.

दीड तासानें वडील घामानें चिंब झाले आणि असंबद्ध बोलूं लागले. खालच्या मजल्यावर डॉक्टर राहत होते म्हणून बरें. त्यांनीं शिरेंतून ग्लुकोज दिलें, रात्रीं रुग्णालयांत नेलें. आणि सकाळीं वडील उठून चहा मागूं लागले. अनर्थ टळला. पण त्या रात्रीं रुग्णालयाच्या ओसरीवर, चार नातेवाइकांसमक्ष आम्ही वहिनींस म्हणालों, “एवढं एक काम तुमच्या लक्षांत राहत नाहीं?”

वहिनी म्हणाल्या, “चुकलं माझं, भावोजी.” आणखी कांहीं बोलल्या नाहींत.

दुसऱ्या दिवशीं भिंतीवरच्या दिनदर्शिकेशेजारीं दोऱ्यानें बांधलेली एक लाल पेन्सिल लोंबकळूं लागली. इंजेक्शन दिलें कीं त्या तारखेच्या चौकोनांत रेघ; सकाळची एक, रात्रींची एक. वडील पुढें चार वर्षें होते. त्या चार वर्षांत एकही चौकोन रेघांवांचून राहिला नाहीं. आम्ही ती पेन्सिल पाहत असूं, आणि मनांत म्हणत असूं कीं, ठीक झालें, अद्दल घडली. झ्यूरिकची ती रात्र वाचीपर्यंत आमच्या हें ध्यानांतही आलें नव्हतें कीं, नियंत्रकाच्या पट्टीवरील खूण आणि वहिनींची रेघ ह्या एकच वस्तु आहेत. आणि मोठमोठ्या मंडळांनीं चौकशी करून जें सुचविलें, तें त्या बाईनें कोणाच्या मदतीवांचून एका रात्रींत शोधून काढलें होतें.

आणखीही एक गोष्ट त्या वाचनानें आम्हांस आठवली. ती मात्र आम्हीं आजवर कोणास सांगितली नव्हती. त्या संध्याकाळीं वडिलांच्या शेजारच्याच खोलींत आम्ही होतों. दुपारचें जेवण अंगावर आलें होतें, म्हणून आरतीपर्यंत पंख्याखालीं आडवे झालों होतों. दार उघडें होतें. वहिनी पहिल्या वेळीं सुई भरीत होत्या तें आम्हीं पडल्या पडल्या पाहिलेंही होतें. झ्यूरिकचा दुसरा माणूस वरिष्ठांच्या संमतीनें विश्रांतीस गेला होता. आम्हांस तर कोणाच्या संमतीची गरजही पडली नाहीं. घरांत पुरुषानें आडवें व्हावें आणि बाईनें उभें राहावें, ही वहिवाट आमच्याकडे फार जुनी आहे.

गेल्या रविवारीं आम्ही पार्ल्यास गेलों तेव्हां हें सर्व वहिनींस सांगितलें. थोरले बंधू आतां नाहींत. वहिनींचीही सत्तरी उलटली आहे. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. त्या वेळीं बोललों तें बोलावयास नको होतें, असेंही आम्हीं म्हटलें. हें वाक्य उच्चारण्यास आम्हांस वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

वहिनी म्हणाल्या, “चूक माझीच होती, भावोजी. ती मी कधी नाकारली नाहीं. तुम्ही बोललात त्याचंही मला फारसं वाटलं नाहीं. घाबरलं माणूस बोलतं. पण त्यानंतर चार वर्षं मी इंजेक्शन देत होते. आज दिलंत का, एवढं त्या चार वर्षांत कोणी एकदां विचारलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. सगळ्यांनी पेन्सिल पाहिली. विचारलं कोणी नाहीं.”

त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. वरून एक विमान गेलें, आणि पार्ल्याच्या पद्धतीप्रमाणें आम्ही दोघेही तो आवाज ओसरेपर्यंत गप्प बसलों. नंतरही कांहीं वेळ तसेच बसून राहिलों. मग आम्हीं नातवास हांक मारली आणि त्याच्या प्रश्नाचें उत्तर दुरुस्त करून सांगितलें: मनोऱ्यांतला माणूस चुकतो, म्हणून त्याच्याजवळ दुसरा माणूस असावा लागतो. “आणि तो दुसरा झोपला तर?” त्यानें लगेच विचारलें. वहिनींनीं आमच्याकडे पाहिलें.

वहिनींस हल्लीं रात्रीं रक्तदाबाची गोळी घ्यावी लागते. सोमवारपासून रोज आठ वाजतां आम्ही त्यांस दूरध्वनी करून विचारतों, “वहिनी, गोळी घेतलीत?” पहिल्या दिवशीं त्या हंसल्या, तिसऱ्या दिवशीं थोड्या चिडल्या. “घेतली हो भावोजी, आणि रेघही ओढली,” असें त्यांनीं काल सांगितलें. आम्ही तेंच वाक्य उलट म्हणून दाखविलें, आणि मग दूरध्वनी खालीं ठेवला.